आलेच : आल्प्समधील सर्वांत मोठ्या हिमनदीच्या वाटेवर

मुंबई-पुण्याहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या गट सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस ‘युंगफ्राउयोख’साठी राखून ठेवलेला असतो. सकाळी इंटरलाकेनहून निघायचे, दातेरी रुळांवरच्या गाडीने डोंगराच्या पोटातून वर जायचे, बर्फात कोरलेला महाल पाहायचा, एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकायचे, तिथल्याच भारतीय उपाहारगृहात जेवायचे आणि दुपारी खाली उतरायचे. या धांदलीत काढलेल्या बहुतेक छायाचित्रांत माणसांच्या पाठीमागे एक रुंद, पांढरा पट्टा दूरवर वळत गेलेला दिसतो. घरी आल्यावर अल्बम दाखवताना त्याचा उल्लेख ‘मागे सगळा बर्फ’ असा होतो. त्या ‘सगळ्या बर्फा’ला नाव आहे. ती आलेच हिमनदी. संपूर्ण आल्प्स पर्वतातील सर्वांत मोठी.

या हिमनदीची लांबी सुमारे २२ किलोमीटर असून तिने सुमारे ८० चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापलेला आहे. सर्वांत जाड भागात बर्फाची खोली ८०० मीटरांहून अधिक भरते. आयफेल टॉवर एकावर एक असे दोन उभे केले, तरी ते तेथे बर्फाबाहेर डोके काढू शकणार नाहीत. हिमालयाची सवय असलेल्या भारतीयाला हे आकडे कदाचित फार मोठे वाटणार नाहीत. गंगोत्री हिमनदीच सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि सियाचेनची लांबी ७० किलोमीटरांच्या पुढे जाते. परंतु गोमुखापर्यंत पोहोचण्यासाठी दोन दिवसांची पायपीट करावी लागते, सियाचेनला जाणे तर सामान्य माणसासाठी सोपे नसते. आलेचचे वेगळेपण असे की, आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत कोणीही न्याहारी करून निघावे आणि दुपारच्या आत एका महाकाय हिमनदीच्या उगमाशी उभे राहावे. ही सोय गेल्या शंभर वर्षांत मुद्दाम केलेली आहे आणि तिचा इतिहासही हिमनदीइतकाच पाहण्याजोगा आहे.

डोंगराच्या पोटातील रेल्वे

झुरिचचे उद्योगपती अडोल्फ गायर-झेलर यांना १८९३मध्ये आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या आतून बोगदा खणून थेट युंगफ्राउपर्यंत रेल्वे नेण्याची कल्पना सुचली. १८९६मध्ये काम सुरू झाले. काही वर्षांत ते पूर्ण होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात सोळा वर्षे लागली. गायर-झेलर स्वतः १८९९मध्येच निवर्तले. मजुरांत इटालियन कामगारांचा भरणा मोठा होता. सुरुंगाच्या स्फोटांत त्यांच्यापैकी अनेकांचे प्राण गेले. पैसा संपला, संप झाले, काम थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मूळ बेत युंगफ्राउच्या शिखरापर्यंत जाण्याचा होता, तो सोडून देण्यात आला आणि १ ऑगस्ट १९१२ रोजी, म्हणजे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रदिनी, ४,१५८ मीटर उंचीचे युंगफ्राउ आणि शेजारचे म्योंख यांच्यामधल्या खिंडीत गाडी पोहोचली. ‘योख’ याचा अर्थच खिंड. स्थानकाची उंची ३,४५४ मीटर असून ते युरोपातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक आहे. ‘टॉप ऑफ युरोप’ ही त्यावरून केलेली जाहिरात. युरोपचा माथा म्हणावा तर तो येथून बराच दूर आहे.

सुमारे नऊ किलोमीटरच्या या मार्गापैकी सात किलोमीटर बोगद्यात आहेत. ‘आइसमेअर’, म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’ या नावाच्या थांब्यावर, कड्यात कोरलेल्या खिडक्यांतून बाहेरच्या हिमनद्या पाहता येतात. डिसेंबर २०२०मध्ये ग्रिंडेलवाल्डहून आयगरच्या पायथ्यापर्यंत नवी केबल कार सुरू झाल्यापासून प्रवासाचा वेळ पुष्कळ वाचतो. वेळ वाचतो याचा एक तोटाही आहे. पूर्वी दोन-अडीच तासांत चढली जाणारी उंची आता शरीराला त्याहून कमी वेळात पेलावी लागते. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश कमी असतो. गाडीतून उतरताच धावत सुटणाऱ्यांना हलकी चक्कर येते, डोके दुखते. हळू चालणे, पाणी पीत राहणे आणि हृदयविकार किंवा श्वसनाचा त्रास असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे, एवढे पथ्य पाळले तर बहुतेकांना काही होत नाही.

तिकीट स्वस्त नाही. म्हणूनच सकाळी ते काढण्यापूर्वी शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहून घ्यावे. ते इंटरलाकेनच्या स्थानकावर आणि हॉटेलांतही दाखवले जाते. खाली लख्ख ऊन असताना वर हात पुढे केलेला दिसू नये इतके धुके असू शकते. गट सहलीत दिवस ठरलेला असल्याने हा पर्याय नसतो आणि अनेक मराठी कुटुंबांनी आलेचच्या काठावर तासभर उभे राहून केवळ पांढरे धुके पाहिलेले आहे.

नदी म्हणावी ती का?

स्फिंक्स वेधशाळेच्या सज्जावरून दक्षिणेकडे पाहिले की प्रथम जाणवते ती स्तब्धता. काहीही हलताना दिसत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो वरच्या खोलगट भागात साठलेल्या हिमाचा विस्तार. दर हिवाळ्यात येथे कित्येक मीटर हिम पडते आणि उन्हाळ्यात ते सगळे वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचे हिम साचते, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचे. ताज्या, भुरभुरीत हिमात बहुतांश जागा हवेची असते. वरच्या थरांच्या भाराने ही हवा पिळून निघते, कणांना कण चिकटतात, आधी जाड साखरेसारखे दाणे होतात आणि मग काही वर्षांनी घट्ट बर्फ तयार होतो. या बर्फात प्रकाश खोलवर शिरला की त्यातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा उरतो. भेगांच्या आत दिसणारी ती विलक्षण निळाई यामुळेच येते. रंगाचे दिवे फक्त बर्फाच्या महालात लावलेले असतात.

असा शेकडो मीटर जाडीचा बर्फ स्वतःच्या वजनाखाली उताराकडे सरकू लागतो. दाबाखाली तो आतून घट्ट चिखलासारखा वाकतो आणि तळाशी वितळलेल्या पाण्याच्या थरावरून घसरतोही. तीन मोठे हिमप्रवाह वरच्या खोऱ्यांतून उतरतात आणि ‘कॉन्कोर्डियाप्लाट्झ’ या विस्तीर्ण पटांगणात एकत्र येतात. त्यातील एकाचे नाव ‘एविगश्नेफेल्ड’, म्हणजे ‘शाश्वत हिमाचे मैदान’. नाव ठेवणाऱ्यांना आजचा काळ दिसला असता तर त्यांनी दुसरे नाव शोधले असते. संगमाजवळ बर्फ वर्षाला सुमारे २०० मीटर वेगाने पुढे जातो. दिवसाचा हिशेब केला तर अर्ध्या मीटरहून अधिक. पाहत उभे राहिलेल्याला न कळण्याइतके हळू आणि मध्ये रोवलेली काठी पुढच्या वर्षी सापडणार नाही इतके जलद. खाली वेग मंदावतो.

हिमनदीच्या अंगावरून जाणाऱ्या दोन काळ्या रेघा म्हणजे दगडमातीचे पट्टे. प्रत्येक हिमप्रवाह आपल्या दोन्ही काठांचे खडक ओरबाडून बरोबर नेतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला ‘हिमोढ’ म्हणतात. दोन प्रवाह एकत्र आले की एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा काठ एकमेकांना भिडतो आणि काठावरचा दगडगोटा संयुक्त प्रवाहाच्या मध्यभागी येतो. तीन प्रवाह असतील तर अशा दोन रेघा. अलाहाबादच्या संगमावर गंगा आणि यमुनेचे पाणी काही अंतर वेगळे ओळखता येते, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे पाणी घन आहे, म्हणून मिसळत नाही आणि रेघा पार शेवटपर्यंत टिकतात. छायाचित्रांत मोटारीच्या चाकोऱ्यांसारख्या भासणाऱ्या या रेघा जवळून पाहिल्या तर मोठमोठ्या शिळांच्या रांगा असतात.

बर्फ वाहतो याचा एक हृदयद्रावक पुरावा २०१२मध्ये मिळाला. १९२६च्या मार्च महिन्यात या हिमनदीवर बेपत्ता झालेल्या भावांची हाडे आणि साहित्य गिर्यारोहकांना बर्फाच्या पृष्ठभागावर आढळले आणि डीएनए चाचणीने त्यांची ओळख पटली. शहाऐंशी वर्षे हिमनदीने त्यांना पोटात ठेवून खोऱ्यातून काही किलोमीटर खाली आणले होते. याच न्यायाने एक ढोबळ हिशेब मांडता येतो. सरासरी वेग वर्षाला १०० मीटर धरला, तर वरच्या टोकाशी पडलेल्या हिमाला तळाच्या टोकापर्यंत येण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागतो. आज खालच्या टोकाशी थेंब थेंब गळणाऱ्या पाण्यात पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत पडलेले हिम असणार.

या खिंडीत भूगोलाची आणखी एक गंमत आहे. येथे उत्तरेच्या उतारावर पडलेले हिम वितळून ल्युचिने, आरे आणि ऱ्हाइन या नद्यांवाटे उत्तर समुद्राला मिळते. दक्षिणेस काही पावलांवर पडलेले हिम आलेचमध्ये जमा होते, मासा नदीतून ऱ्होनला मिळते, जिनिव्हाच्या सरोवरातून पुढे जाते आणि भूमध्य समुद्रात पोहोचते. सज्जाच्या एका कठड्याशी उभे राहून एका समुद्राकडे आणि समोरच्या कठड्याशी जाऊन दुसऱ्या समुद्राकडे पाहता येते, असे म्हणायला हरकत नाही.

बर्फावर पाय ठेवताना

वरच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर यंत्राने दाबून तयार केलेली एक पायवाट म्योंखच्या खिंडीतील पर्वतारोहींच्या निवाऱ्याकडे जाते. पाऊण ते एक तासाची ही चाल चांगले बूट, काळा चष्मा आणि टोपी असलेल्या कोणत्याही धडधाकट माणसाला जमते. उन्हाळ्यातही येथे तापमान शून्याच्या आसपास असते आणि हिमावरून परावर्तित होणारे ऊन हनुवटीच्या खालूनही भाजते. साडी आणि सपाता घालून आलेल्या हौशी आजींचे कौतुक करावे तितके थोडे. मात्र त्यांना या वाटेवर आणू नये.

खुणा केलेली वाट सोडणे हा येथील एकमेव अक्षम्य अपराध. हिमनदी वळते किंवा उतार बदलतो तेथे तिचा पृष्ठभाग ताणला जाऊन फाटतो आणि दहा-वीस मीटर खोल भेगा पडतात. खालच्या भागात, जेथे उघडा बर्फ असतो, तेथे त्या दिसतात आणि म्हणून टाळता येतात. वरच्या भागात नव्या हिमाचा पातळ पूल त्यांच्यावर झाकण घालतो. वरून सपाट, स्वच्छ मैदान दिसते आणि छायाचित्रासाठी चार पावले बाजूला जाण्याचा मोह होतो. हिमनदीवर मुरलेले गिर्यारोहकही येथे एकमेकांना दोराने बांधून घेतल्याशिवाय चालत नाहीत. यामागे भित्रेपणाचा संबंध नाही. कोणता पूल आज वजन पेलेल आणि कोणता नाही, हे डोळ्यांनी कळत नाही.

हिमनदी खऱ्या अर्थाने अनुभवायची असेल तर प्रशिक्षित वाटाड्याबरोबर दोन दिवसांची चाल करावी. ती उन्हाळ्यात नियमितपणे आयोजित केली जाते. पहिल्या दिवशी युंगफ्राउयोखहून हिमनदीवरूनच कॉन्कोर्डियापर्यंत उतरायचे, तेथील निवाऱ्यात रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी बर्फावरून पुढे जाऊन मेर्येलेन खोऱ्याच्या बाजूने बाहेर पडायचे. यासाठी गिर्यारोहणाचे कौशल्य लागत नाही, पण रोज सहा-सात तास चालण्याची ताकद लागते. बुटांना लोखंडी काटे बांधायचे, कमरेला दोर. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला हे अवघड नाही.

ज्यांनी ही चाल केली त्यांना सज्जावरून कधीच न दिसणारी हिमनदी भेटते. दुपारी उन्हाने बर्फावर निळ्या पाण्याचे ओढे वाहू लागतात आणि गोल विवरांत गडगडत कोसळतात. फ्रेंच भाषेत या विवरांना ‘गिरणी’ म्हणतात. आत घुमणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले असावे. बर्फाच्या खांबावर तोललेल्या सपाट शिळा भेटतात. शिळेच्या सावलीतला बर्फ वितळत नाही, भोवतालचा वितळून खाली जातो आणि टेबल तयार होते. बर्फ सतत कुरकुरतो, मधूनच खोल कुठेतरी तोफेसारखा आवाज होतो. सज्जावरची ती स्तब्धता फसवी होती, हे तेव्हा कळते.

साडेचारशे पायऱ्या

कॉन्कोर्डियाचा निवारा १८७७मध्ये प्रथम बांधला गेला, तेव्हा तो बर्फापासून सुमारे ५० मीटर उंचीवरच्या खडकावर होता. बर्फावरून आलेल्या माणसाने थोडासा चढ चढायचा आणि आत जाऊन चहा घ्यायचा, इतके सोपे होते. आज दिवसभर चालून दमलेल्या प्रवाशासमोर उभा कडा असतो आणि त्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या असतात. निवारा जागचा हललेला नाही. बर्फ शंभर मीटरहून अधिक खाली गेला आहे. पातळी घसरली की तळाशी पायऱ्यांचा नवा टप्पा जोडावा लागतो. हवामानबदलाचे आलेख पाहून कंटाळलेल्या माणसाला हा जिना चढायला लावावा. आकडे पायांत उतरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलेच हिमनदी अलीकडच्या काळातील सर्वांत मोठ्या आकाराची होती. तेव्हापासून तिचे खालचे टोक तीन किलोमीटरांहून अधिक मागे हटले आहे. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर, आजच्या बर्फापासून दोनशेहून अधिक मीटर उंचीवर, एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. तिच्या वर जुने, गर्द अरण्य. खाली फिकट, उघडा खडक आणि खुरटी रोपे. ती रेघ म्हणजे त्या काळच्या बर्फाची पातळी. धरणाचे पाणी उतरल्यावर काठावर राहते तशी.

स्विस हिमनद्यांची नियमित मोजदाद करणाऱ्या ‘ग्लामोस’ या यंत्रणेच्या नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशातील हिमनद्यांनी सुमारे ६ टक्के बर्फ गमावला आणि २०२३मध्ये आणखी ४ टक्के. दोन वर्षांत एक-दशांश. २०२२मध्ये हिवाळ्यात हिम कमी पडले, त्यावर सहारा वाळवंटातून वाऱ्याने आलेली धूळ बसली, मळलेल्या हिमाने ऊन अधिक शोषले आणि वर कडक उन्हाळा आला. २०२५मध्येही सुमारे ३ टक्के घट नोंदली गेली. संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्यांच्या संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेले वर्ष हेच होते. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०१९मध्ये आलेचचे भवितव्य गणिताने मांडले. हवामान आहे तेथेच थांबले असे मानले तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचा एक-तृतीयांशाहून अधिक बर्फ जाणार. तापमानवाढ दोन अंशांच्या आत रोखली तरी निम्म्याहून अधिक. आणि काहीच रोखले नाही तर वरच्या बाजूला बर्फाचे काही तुकडे तेवढे उरतील. मोठ्या हिमनदीचा प्रतिसाद संथ असतो. आज जे वितळते आहे ते काही अंशी मागील दशकांच्या उष्णतेचे देणे आहे.

या कथेत एक विलक्षण योगायोग आहे. शाळेच्या विज्ञानात ‘टिंडल परिणाम’ शिकवतात, ते आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल या हिमनदीच्या प्रेमात पडले होते. पश्चिम काठावरच्या बेलाल्प येथे ते अनेक उन्हाळे राहिले, १८७७मध्ये त्यांनी तेथे घरही बांधले आणि त्यांच्या पश्चात पत्नीने तेथे उभारलेले स्मारक आजही आहे. बर्फ कसा वाहतो यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. आणि याच टिंडल यांनी १८५९पासून प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले होते की, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णता अडवून धरतात. आलेचवर प्रेम करणारा आणि आलेचला संपवणाऱ्या प्रक्रियेचे मूळ मोजणारा माणूस एकच होता. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाचा आणि प्रयोगशाळेतल्या नळीतील वायूचा संबंध पुढे असा येईल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

नवस फिरवला

हिमनदीच्या दक्षिणेकडील व्हाले प्रांतातील लोकांना मात्र अनेक शतके तिची भीतीच वाटत आली. हिमनदीच्या बाजूला, बर्फाने अडवलेल्या मेर्येलेन सरोवराचे पाणी अधूनमधून एकाएकी बांध फोडून निघे आणि खालची शेते, घरे, गुरे वाहून नेत असे. १६७८मध्ये फीश आणि फीशरताल या गावांच्या रहिवाशांनी देवाला नवस केला : आम्ही सदाचाराने राहू, तू हिमनद्यांची वाढ थांबव. १८६२पासून त्यासाठी वार्षिक मिरवणूकही सुरू झाली. नवस फळला, आणि गरजेपेक्षा जास्त फळला. हिमनदी हटू लागली, सरोवर आटत गेले. अखेर २००९मध्ये गावकऱ्यांनी पोपकडे नवसाचा मजकूर बदलण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. जुलैच्या अखेरीस निघणारी मिरवणूक आता हिमनदीने मागे हटू नये यासाठी प्रार्थना करते.

हा बदल केवळ भावनेपोटी झालेला नाही. व्हाले हा स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. येथील शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगरकड्यांवर लाकडी पन्हळी टांगून हिमनद्यांचे पाणी शेतापर्यंत आणले. आपल्याकडच्या पाटांचीच ही कड्यावरची आवृत्ती. त्यावर पाळ्या लागत, देखरेखीचे हक्क-कर्तव्ये वाटलेली असत. सिंचनाच्या या परंपरेचा २०२३मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. मासा नदीवर १९६०च्या दशकात गेबिडेम धरण झाले आणि हिमनदीचे पाणी वीजही देऊ लागले. भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना वाढणारा प्रवाह ही हिमनदीची देणगी असते. सध्या वितळण्याचे प्रमाण जास्त असल्याने पाणी मुबलक दिसते. ते व्याज नसून मुद्दल खर्च होत आहे.

दक्षिणेकडून पाहावी

आलेच नीट पाहायची असेल तर युंगफ्राउयोखपेक्षा व्हालेची बाजू सरस, हे जाणकार प्रवासी सांगतात आणि ते खरे आहे. उत्तरेकडून फक्त उगम दिसतो. फीशहून केबल कारने एगिसहॉर्नवर गेले, की सुमारे २,९०० मीटर उंचीवरून हिमनदीचा प्रचंड बाक एका नजरेत मावतो. शेकडो छापील छायाचित्रांतून परिचित झालेले दृश्य ते हेच. खर्चही कमी येतो. बेटमेरआल्प आणि रीडरआल्प ही मोटारींना बंदी असलेली गावे मुक्कामासाठी उत्तम. २००७मध्ये लॉचबर्गचा नवा रेल्वे बोगदा झाल्यापासून बर्नहून या खोऱ्यात फार लवकर पोहोचता येते. गट सहलींनी हा मार्ग अजून फारसा जवळ केलेला नाही, हे तेथील शांततेच्या दृष्टीने बरेच म्हणायचे.

रीडरआल्पच्या वर आलेचचे अरण्य आहे. त्यातील देवदारासारखे दिसणारे आरोला पाइन कित्येक शतकांचे आहेत. १९३३पासून अरण्याला संरक्षण आहे. अरण्याच्या तोंडाशी सर अर्नेस्ट कासल या धनाढ्याने १९०२मध्ये बांधलेला वाडा आता निसर्ग केंद्र आहे. तेथून खाली उतरणाऱ्या पाऊलवाटेने माणूस झाडांचे वय उलट्या क्रमाने वाचत जातो : आधी जुनी पाइन, मग लार्च, मग भूर्ज, मग गवत, मग नुसता खडक आणि मग बर्फ. प्रत्येक पट्टा हिमनदीने अमुक वर्षी सोडलेली जमीन दाखवतो.

जवळच्या मोसफ्लू येथे मात्र हटणाऱ्या बर्फाचा दुसरा परिणाम दिसतो. हिमनदी डोंगराच्या कुशीला टेकू देत होती. तो निघाल्याने अख्खा उतार खाली सरकू लागला. २०१६च्या शरदात त्याला अचानक वेग आला, भेगा पडल्या आणि काही पाऊलवाटा बंद कराव्या लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी बांधलेल्या केबल कारच्या वरच्या स्थानकाचा पाया जमीन सरकेल हे गृहीत धरूनच हलवता येईल असा केला होता. येथे फिरताना बंद वाटेवरचा फलक गंभीरपणे घ्यावा.

पूर्वी रीडरआल्प आणि बेलाल्प या दोन काठांवरचे गुराखी हिमनदीचे शेपूट ओलांडून ये-जा करीत. बर्फ हटला, खाली मासाची खोल घळ उघडी पडली आणि वाट तुटली. २००८मध्ये तेथे १२४ मीटर लांबीचा झुलता पूल टांगण्यात आला. त्यावरून चालताना ८० मीटर खाली, तासून गुळगुळीत झालेल्या खडकांतून, दुधाळ राखाडी रंगाचे पाणी धावताना दिसते. तो रंग बर्फाने दळलेल्या खडकाच्या पिठाचा असतो. ज्या जागी एके काळी गुरे बर्फावरून चालत जात होती तेथे आता पूल आहे आणि हिमनदीचे टोक पाहायचे तर पुलावरून वर, घळीच्या वळणापलीकडे शोधावे लागते.